शंभर रुपयांचे घर

विरारच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशी फुलपाडा आहे. जवळच पापडखिंडीचा तलाव. आज तेथे मजल्यांवर मजले चढलेल्या इमारती दिसतात. परंतु अशा वस्त्यांतून जेव्हा एकेकटी कौलारू घरे उभी राहत, तेव्हा घर बांधणे हा सारा बोलाचालीचा व्यवहार असे. घरधनी, गवंडी आणि सुतार एकाच पंचक्रोशीतले. जोते किती हात उंच घ्यावे, पागोळ्या कोठे पडू द्याव्यात, आढ्यासाठी कोणते लाकूड निवडावे, हे ओट्यावर बसून ठरे. मालकाचे मत बदलले, तर तो भिंतीपाशी येऊन तसे सांगे. गवंड्याला ते पटले नाही, तर तो थापी खाली ठेवून मान हलवी. वाद व्हायचा तो तेथेच होई आणि आभाळ भरून आले की तेथेच मिटे. मृगाच्या आत घर शाकारले गेलेच पाहिजे, यापुढे मालकाचेही काही चालत नसे आणि गवंड्याचेही नाही.

घरधनी दूर असला म्हणजे मात्र दोघांच्या मध्ये कागद येतो. समोरासमोर जे ‘बघू पुढे’ म्हणून सुटते, तेच पत्रात अट होऊन बसते. लिहिणाऱ्याला भिंतीची ओल दिसत नाही, मजुरांची वाट पाहावी लागत नाही, ऐन वेळी तुळई आखूड पडल्याचे त्याला ठाऊक नसते. त्याला दिसते ते मनातले पुरे झालेले घर. आणि बांधणाऱ्यापुढे असतो तो मातीचा ढीग. या दोहोंमधले अंतर तोडण्याचे काम टपालाने करावयाचे असते.

असे एक पत्र १९३६ सालच्या मार्च महिन्यात लिहिले गेले. लिहिणारे महात्मा गांधी आणि ज्यांना लिहिले ते वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज. गांधीजी त्या वेळी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. खेड्यांची सेवा करावयाची तर खेड्यातच जाऊन राहिले पाहिजे, या विचाराने त्यांना स्वस्थता नव्हती. वर्ध्यापासून सुमारे पाच मैलांवर सेगाव नावाचे लहानसे गाव होते. जमनालालजी तेथले मालगुजार. गाव गरीब, वस्ती बहुतांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची. धड रस्ता नाही, टपालघर नाही. या गावी आपल्यासाठी एक झोपडी असावी, असे गांधीजींनी ठरविले आणि तिच्या अटी १९ मार्चच्या पत्रात मांडून पाठविल्या.

त्या अटी वाचताना घर बांधू पाहणाऱ्या कोणाही माणसाला नवल वाटेल. घरमालक सामान्यतः किती खोल्या हव्यात, दिवाणखाना केवढा असावा, येथून आरंभ करतो. या पत्रात खोल्यांचा हिशेब नव्हता, खर्चाचा होता. झोपडीवर होईल तितका कमी खर्च करावा आणि तो कोणत्याही परिस्थितीत शंभर रुपयांच्या वर जाऊ नये. कस्तुरबांची इच्छा असेल तर त्या बरोबर येतील, नाही तर एकट्यानेच राहावयाचे. जी काही मदत लागेल ती सेगावातूनच मिळवावी. बाहेरच्या लोकांनी भेटीसाठी सेगावी येऊ नये. भेटी मगनवाडीत ठरलेल्या दिवशी होतील. आणि सेगावात तोवर काम करीत असलेल्या मीराबेन यांनी आपले काम दुसऱ्या गावी चालवावे.

या शेवटच्या अटीत एक कठोर गोष्ट दडलेली आहे. कारण ज्यांच्या देखरेखीखाली हे घर उभे राहणार होते, त्या मीराबेनच. ज्या घराची भिंत त्यांनी उभी करावयाची, त्या घराच्या गावी त्यांनी राहू नये, असे घरधन्याचे म्हणणे होते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि कामाला लागल्या. गांधीजींच्या पत्रांतील आज्ञा प्रेमाच्या असत, हे खरे. पण त्या पाळणाऱ्याला हलक्या वाटत असतील असे मानण्याचे कारण नाही.

मीराबेन यांचे मूळचे नाव मॅडलीन स्लेड. त्यांचे वडील इंग्लंडच्या आरमारात मोठ्या हुद्द्यावर होते. १९२५ सालच्या नोव्हेंबरात त्या साबरमतीच्या आश्रमात आल्या आणि तेव्हापासून त्यांनी भारत हेच आपले घर मानले. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. परंतु खेड्यातल्या माणसांनी आपली घरे कशी बांधली आहेत, हे त्यांनी डोळसपणे पाहिले होते, आणि शंभर रुपयांत घर बांधणाऱ्याला त्याहून मोठी विद्या तरी कोणती उपयोगी पडणार?

शंभर रुपयांची अट म्हणजे केवळ काटकसर नव्हे. त्या एका आकड्याने घराचा बराचसा आराखडाच ठरून गेला. लोखंड नको, चुनखडीचा थाट नको, दूरच्या वखारीतले लाकूड नको. उरते ती पायाखालची माती, जवळपासचा बांबू, गावच्या कुंभाराची कवेलू आणि गावकऱ्यांचे हात. मातीची भिंत वरून साधी दिसते, पण ती उतावळ्या माणसाचे काम नव्हे. माती भिजवावी लागते, पायांनी तुडवून मळावी लागते, तिला भेगा पडू नयेत म्हणून तीत गवताची काडी मिसळावी लागते. मग एक थर रचावा आणि थांबावे. तो वाळून घट्ट झाल्याखेरीज वरचा थर चढवला, तर भिंत आपल्याच भाराने फुगते. जाड भिंत आत गारवा राखते. वैदर्भी उन्हाळ्यात त्याची किंमत कळते. पण तीच भिंत पावसाच्या झडीत उघडी राहिली, तर विरघळून जाते. म्हणून तिला खाली उंच जोते हवे आणि वर चांगले पुढे आलेले छप्पर हवे. असे थांबत थांबत काम करावयाचे आणि पावसाळा तर कोणासाठी थांबत नाही! फुलपाड्याच्या गवंड्याची जी अडचण, तीच वर्धेच्या काळ्या मातीत मीराबेनपुढे होती.

३० एप्रिल १९३६ रोजी सकाळी गांधीजी मगनवाडीहून पायी सेगावी आले. घर झालेले नव्हते. काही दिवस ते तात्पुरत्या निवाऱ्यात राहिले आणि नंतर प्रकृतीला विश्रांती हवी म्हणून म्हैसूर संस्थानातील नंदी डोंगरावर गेले. घरधनी शेकडो मैल दूर, थंड हवेच्या टेकडीवर. बांधणारी वर्धेच्या कडक उन्हात. पत्रांखेरीज आता दुसरे साधन नव्हते. गांधीजी तर पत्रांच्या बाबतीत अथक. उजवा हात दमला की डाव्या हाताने लिहावे, एका बाजूस कोरा असलेला कागद कधी टाकू नये, ही त्यांची रीत. ज्याने आयुष्यभर पाठकोऱ्या कागदाचाही हिशेब ठेवला, तो कवेलूंचा हिशेब ठेवणार नाही, असे कसे होईल?

योगायोग असा, की याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस एका घरावरून असाच पत्रव्यवहार चालला होता. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरातील एक मोठे दुकानदार एडगर कॉफमन यांना पेनसिल्व्हानियाच्या रानात, बेअर रन नावाच्या ओढ्याकाठी सुटीचे घर हवे होते. वास्तुशिल्पी होते फ्रँक लॉइड राइट. वय सत्तरीला आलेले, कीर्ती मोठी आणि स्वभाव तापट. ओढ्याला तेथे एक धबधबा आहे. घरातून धबधबा दिसावा, एवढीच कॉफमन यांची कल्पना. राइट यांनी घर थेट धबधब्याच्या माथ्यावरच योजले. त्याचे मोठमोठे सज्जे खालून कोणत्याही खांबाच्या आधाराशिवाय पाण्यावर पुढे काढलेले होते.

दुकानदार सावध माणूस. त्यांनी नकाशे पिट्सबर्गच्या अभियंत्यांना दाखविले. अभियंत्यांनी शंका काढल्या. राइट यांना हे कळताच त्यांचा पारा चढला. आपले नकाशे परत पाठवा, असे त्यांनी कळविले. कॉफमन नमले, आणि अभियंत्यांचा तो अहवाल पुढे त्या घराच्याच एका दगडी भिंतीत चिणून टाकला गेला, असे सांगतात. तरीही सज्ज्याच्या काँक्रीटमध्ये अधिक लोखंडी सळया परस्पर घातल्या गेल्याच. ते कळल्यावर १९३६ च्या ऑगस्टमध्ये राइट यांचे खरमरीत पत्र आले. आपण या घरात जितका जीव ओतला तितका कोणाही मालकाच्या वाट्याला येत नाही. तुमचा विश्वास नसेल तर हे सारेच खड्ड्यात जाऊ द्या, असा त्याचा आशय. कॉफमन यांनी उत्तरात तीच वाक्ये फिरवून राइट यांच्याच पदरात टाकली आणि अखेरीस ताजा कलम जोडला, की आता पत्रे लिहिणे थांबवून आपण इकडे यावे आणि प्रत्यक्ष काय आहे ते पाहावे, हे बरे नव्हे काय? साऱ्या पत्रव्यवहारातले शहाणपणाचे वाक्य हेच म्हणावे लागेल.

काँक्रीटला मात्र दोघांच्याही पत्रांचे सोयरसुतक नव्हते. खालचे टेकू काढताच सज्जा पावणेदोन इंचांच्या आसपास वाकला आणि पुढची साठ वर्षे तो हळूहळू वाकतच राहिला. हा झुकाव सुमारे सात इंचांवर गेला. अखेर २००२ साली पोलादी तारांचा ताण देऊन तो सावरावा लागला. त्या वेळच्या गणितात असे दिसले, की परस्पर घातलेल्या जादा सळयादेखील कमीच होत्या. त्या नसत्या तर काय झाले असते, ते सांगावयास नको. खर्चाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. आरंभी पस्तीस हजार डॉलरच्या आसपास धरलेला अंदाज शेवटी दीड लाखाच्या पुढे गेला. छप्पर गळू लागल्यावर कॉफमन आपल्या घराला बादल्यांच्या संख्येवरून नाव देत: हे सात बादल्यांचे घर! तथापि ते जगातल्या सुंदर घरांपैकी एक आहे, हे कोणीही नाकारीत नाही. २०१९ साली त्याची गणना जागतिक वारशात झाली.

इकडे सेगावी जूनमध्ये पावसाने गाठलेच. १६ जून १९३६ रोजी गांधीजी परत आले ते मुसळधार पावसात, वर्ध्याहून चिखल तुडवीत, पायी. घर उभे होते. एक मोठी खोली, मातीच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर. त्याला पुढे ‘आदि निवास’ असे नाव पडले. भिजून आलेल्या धन्याला कोरडी जमीन मिळाली, आणि बांधणाऱ्याचे काम यापेक्षा निराळे ते काय असते?

पत्रातल्या अटी मात्र एकेक करून गळू लागल्या. एकट्याने राहावयाचे म्हटलेल्या त्या खोलीत कस्तुरबा होत्या, सहकारी होते. खान अब्दुल गफारखान येऊन राहिले, तुकडोजी महाराज येऊन राहिले. एकेका कोपऱ्यात एकेकाचे बिऱ्हाड आणि मध्ये गांधीजींचे लेखन. बाहेरच्यांनी येऊ नये ही अट तर कोणीच मानली नाही. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस गांधीजींना हिवतापाने धरले आणि त्यांना वर्ध्याच्या इस्पितळात न्यावे लागले. मीराबेन अटीप्रमाणे जवळच्या वरोडा गावाकडे गेल्या, पण तेथे आजारी पडल्या आणि त्यांना परत यावे लागले. सेगावात त्यांनी आपल्यासाठी एक कुटी बांधली. तेथे सूत काढणे आणि कापूस पिंजणे चाले. तिच्या भिंतींवर त्यांनी ओल्या मातीतच शिंदीची झाडे आणि मोर उठविले. शंभर रुपयांच्या मालकाने रंग आणि नक्षी यांना पैसा दिला नसता, हे त्या जाणून असाव्यात. मातीला कोण दाम मागतो? पुढे गांधीजीच त्या कुटीत राहावयास आले, आणि आज जिला ‘बापू कुटी’ म्हणतात ती हीच. तेथे लाकडाचा एक लांब चिमटा आणि पेटी ठेवलेली असे. घरात साप निघाला की चिमट्याने धरावा, पेटीत घालावा आणि दूर रानात सोडून द्यावा. रानात घर बांधले तर रानाचे जुने रहिवासी यावयाचेच.

पत्रांचा ओघ मात्र घर झाल्यावर थांबला नाही, तो वाढला. देशभरातून आणि परदेशांतून टपाल येऊ लागले आणि त्यातून एक निराळीच अडचण उभी राहिली. विदर्भातच, बुलढाण्याकडे, गजानन महाराजांचे शेगाव आहे. रेल्वेच्या वाटेवरचे, सर्वांच्या माहितीचे. उच्चार जवळचे, इंग्रजीत लिहिलेली अक्षरेही जवळची. म्हणून गांधीजींची पत्रे वर्ध्याऐवजी तिकडे जात आणि दिवसांचा फेरा करून परत येत. नवे घर, नवा पत्ता, आणि पत्ताच फसवा! शेवटी १९४० साली गावाचेच नाव बदलून ‘सेवाग्राम’ केले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तर तेथे दूरध्वनीच बसवून दिला.

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी सेवाग्रामहून दिल्लीस गेले. त्यांना पुन्हा तेथे परतता आले नाही. आदि निवास आणि कुटी उभ्या आहेत. अशा घरांना उन्हाळा सरत आला की कवेलू चाळून घ्यावी लागतात, फुटकी काढून नवी बसवावी लागतात आणि भिंतींना माती-शेणाचा हात द्यावा लागतो. हे काम मृगाच्या आत उरकावयाचे असते.