धाकटा कातळ

मॉरिशसमध्ये उसाच्या फडांतून जाताना मध्येच काळ्या दगडांच्या राशी दिसतात. पुरुषभर उंचीच्या, वर झुडपं माजलेल्या. त्यातला एक दगड उचलून पाहिला. उन्हानं तापलेला, अंगभर बारीक छिद्रं. लाव्हा थिजताना कोंडलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या या जागा. असा दगड आपल्या घाटांत पावलोपावली दिसतो.

हे साम्य वरवरचं नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या आगीनं दख्खनचं पठार थरावर थर ओतलं, तीच या बेटाची आई, असं भूवैज्ञानिक मानतात. भारताची भूमी उत्तरेला सरकत गेली, आग मागे राहिली. वरून सरकणाऱ्या समुद्रतळाला फोडत तिनं लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांचा पाया घातला आणि ऐंशीएक लाख वर्षांपूर्वी मॉरिशसला वर काढलं. आज ती शेजारच्या रियुनियन बेटावर धगधगते आहे. सह्याद्रीच्या या धाकट्या भावंडासमोर मी बराच वेळ नुसता उभा होतो.

पाऊस मात्र इथे उलट्या दिशेचा. आपल्याकडे तो पश्चिमेच्या समुद्रावरून येतो. इथे आग्नेयेचे वारे तो आणतात, मधल्या पठारावर रिता करतात आणि पश्चिम किनारा कोरडाच राहतो. क्युरपीपला छत्री मिटवत नाही, तेव्हा पोर्ट लुईत कडक ऊन असतं.

१८३४पासून ब्रिटिशांनी इथे गिरमिटिया मजूर आणले. मुंबई बंदरातून आलेल्यांत मराठी माणसंही होती. फडातले दगड वेचून राशी रचणाऱ्या हातांत त्यांचेही हात होते. घरापासून हजारो मैलांवर त्यांनी आपल्याच कातळाशी झुंज घेतली, आणि हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. मला याचं वाईट वाटतं.

बेटाला बहुतेक सगळीकडून प्रवाळांची भिंत आहे. लाटा दूरवरच फुटतात, आत पाणी निवांत पसरतं. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ भिंत तुटते आणि समुद्र थेट काळ्या कड्यावर आदळतो. तिथं उभं राहिलं की प्रवाळ या बेटासाठी रोज काय करतो, ते अंगावर तुषार घेत समजतं.

याच भिंतीवर २५ जुलै २०२० रोजी आग्नेय किनाऱ्याजवळ ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज चढलं. पुढे सुमारे हजार टन तेल सांडलं, कांदळवनांपर्यंत पोचलं. तेव्हा गावंच्या गावं किनाऱ्यावर आली. कापडी पिशव्यांत उसाचं पाचट ठासून भरलं, तरंगावं म्हणून रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि काळ्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून त्या लांबच लांब माळा ओढत नेऊन जमेल तेवढं तेल अडवलं.