फर्मा

पिस्तुलाचं म्यान शिवायचं तर पिस्तूल जवळ हवं, आणि नेमकं तेच शिवणाऱ्याला जवळ ठेवता येत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई केली आहे. दुरुस्तीसाठी मालकासमक्ष किंवा त्याच्या लेखी संमतीने ती दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. पण ओलं चामडं वाळेपर्यंत हत्यार आत ठेवून द्यायचं, अशी सोय कायद्यात नाही. ती नसावीच, असं मला मनापासून वाटतं. रस्त्याकडेला बसून चपलांचे अंगठे टाचणाऱ्याच्या पेटीत कुणाचं तरी रिव्हॉल्व्हर रात्रभर पडून राहावं, ही कल्पनाच अंगावर येते.

म्हणून फर्मा लागतो. हत्याराच्या आकाराचा, पण हत्यार नसलेला.

शिरूर अनंतपाळसारख्या गावात असं म्यान शिवून घेणारे कितीसे असणार? बँकेच्या दारात उभा राहणारा माजी सैनिक, रात्री-अपरात्री रोकड घेऊन फिरणारा एखादा व्यापारी, शेतवस्तीवर एकटं राहणारं एखादं जुनं घर. बाजारातलं नायलॉनचं कव्हर सगळ्या मापांसाठी एकच असतं, म्हणजे कुठल्याच मापाचं नसतं. मोटारसायकल खड्ड्यातून गेली की हत्यार आत हलतं, वर सरकतं. चापाशी चामडं घट्ट बसलेलं नसेल तर बोट, सदऱ्याचं टोक, काहीही आत शिरू शकतं. सैल म्यान ही जिवाशी गाठ आहे. मापाच्या म्यानाचा हट्ट धरणारा माणूस शौकीन असेलच असं नाही. तो सावध असतो.

मापाला बसायचं तर चामडंही तसं लागतं. आज बाजारात येणारं बरंचसं चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं, पिशव्यांना उत्तम, पण दाबलेला आकार ते धरत नाही. आकार धरतं ते सालीचं चामडं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात सावकाश मुरलेलं. कोल्हापुरी चपलेचा तळ ज्या जुन्या रीतीने कमावला जातो, तीच ही रीत. असं तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं चामडं कोमट पाण्यात बुडवलं की काही वेळात ते बोटांखाली दबू लागतं. मग फर्म्यावर चढवायचं, अंगठ्याने दाबत जायचं, कोपऱ्यांत म्हशीच्या शिंगाच्या गुळगुळीत तुकड्याने रेघ काढायची. चापाभोवतीची कडी, गोळ्यांचं चक्र, मुठीचा उतार, सगळं हळूहळू वर येतं. मग सावलीत वाळवायचं. आमच्याकडच्या मे महिन्यात उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत ते लाकडासारखं कडक होतं आणि वाकवलं की तडकतं.

मला या सगळ्यात फार आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सालीतल्या आणि हिरड्यातल्या ज्या तुरट सत्त्वाने कातड्याचं चामडं होतं, त्याला लोखंड सोसत नाही. ओलाव्यात दोन्ही भेटली की काळं पडतं. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, ती याच गुणावर. म्हणजे ओल्या चामड्यात खरंखुरं पोलादी हत्यार दाबून ठेवलं, तर चामड्यावर निळे-काळे डाग आणि हत्याराला गंज. कायदा आड आला नसता, तरी चामडं आड आलंच असतं.

शिवाय फर्म्यात हत्यारापेक्षा थोडं जास्त असावं लागतं. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो उंचवटा असतो, तो उपसताना चामड्यात अडकतो; म्हणून फर्म्यावर त्याच्या मागे नळीच्या लांबीने लाकडाची बारीक पट्टी चिकटवतात, म्हणजे आत वाट राहते. जिथे चामडं खोल शिरू नये, तिथल्या पोकळ्या बुजवून टाकतात. हत्याराने पुढे म्यानात कसं शिरावं, कसं निघावं, तेही फर्म्याला आधीच ठाऊक असावं लागतं.

असा फर्मा मिळवायचा कुठून? परदेशात पोलिसांच्या सरावासाठी भरीव निळ्या प्रतिकृती मिळतात. खऱ्याशी गल्लत होऊ नये म्हणून रंगच निळा. म्यान करणारे तिकडे त्याच वापरतात. पण त्या तिकडच्या हत्यारांच्या. आपल्याकडच्या परवानाधारकाच्या कमरेला बहुधा कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर असतं. २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ही तिथलंच, जेमतेम अर्धा किलो वजनाचं. त्याची निळी प्रतिकृती कोण कशाला काढेल? दिवाळीतली टिकल्यांची पिस्तुलं दुकानोदुकानी लटकतात, पण ती पोकळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची. ओलं चामडं आवळलं की आधी तीच चेपतात. एनसीसीच्या कवायतीला निकामी केलेल्या रायफली असतात, पण रायफलीचं कमरेला काय काम?

मग उरतो सुतार, आणि मला तर वाटतं की तोच पहिला असायला हवा होता. मालकाने हत्यार रिकामं करून स्वतःच्या हातात धरायचं. कारागिराने पुठ्ठ्यावर त्याची कड रेखायची, कॅलिपरने जाडी घ्यायची, नळीची, चक्राची, मुठीची वेगवेगळी. तो कागद सुताराकडे जातो. लाकूड सागाचं बरं, कारण सागात तेल असतं आणि ओल्या चामड्याखाली ते सहज फुगत नाही. वर वार्निशचे दोन हात. जोडे शिवणाऱ्यांना लाकडी फर्म्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची. पायाच्या जागी मूठ आणि नळी आली, एवढंच.

चामड्याचं काम करणाऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्याच वस्तूंचे आकार सांभाळले. मोट शिवणाऱ्याची स्वतःची विहीर क्वचितच असे, खोगीर शिवणाऱ्याच्या दारात घोडा नसे. सुगीला खळ्यावर जे बलुतं मिळेल, त्यावर वर्ष काढायचं. आणि तरी विहिरीची खोली, घोड्याची पाठ त्यांना मालकापेक्षा नीट माहीत असे. आमच्या शेजारच्या बसवकल्याणची बाराव्या शतकातली कथा याच मातीतल्या माणसांना आपली वाटते: हरळय्या आणि कल्याणम्मा या चांभार जोडप्याने आपल्याच मांडीच्या कातड्याचे जोडे बसवण्णांसाठी केले आणि बसवण्णांनी ते पायात न घालता डोक्यावर घेतले. मला त्यात भक्तीबरोबर कारागिरीही दिसते. जोडा कुणाच्या पायाचा, हे त्या हातांना पक्कं ठाऊक होतं.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या दुकानांत कृपाणांच्या म्यानांच्या रांगा दिसतात. तलवारीच्या म्यानात पात्याच्या आकाराने कोरलेल्या लाकडाच्या दोन फळ्या असतात, वर चामडं किंवा मखमल. तिथलं लाकूड आतच राहतं. पिस्तुलाच्या म्यानातून मात्र ते काढून घ्यावं लागतं, आणि ती घडी अवघड. घाईने ओढलं तर तोंड फाकतं. उशीर केला तर फर्मा निघता निघत नाही. माझ्या ओळखीच्या एका कारागीरमामांना मी विचारलं, वेळ झाली हे कसं कळतं? त्यांनी चामड्यावर नख टेकवलं. “आता नख उठलालं न्हाई बघा. म्हणजे बसलंय.”

निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. म्यान घरी खुंटीवरच राहतं. मामांनी शिवलेलं एक म्यान तसंच महिनाभर रिकामं होतं, तरी चक्राचा फुगवटा तसूभर बसला नाही. मालक हत्यार परत घेऊन आला आणि ते एका दाबात आत गेलं. मामांना हे सांगितलं, तर त्यांनी आधी कड कुठे उसवली का तेवढं विचारलं. मग त्या म्यानाचा फर्मा आपल्या खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला. नवं काम .३२च्याच पिस्तुलाचं आहे, पण ते चपटं आहे, त्याला चक्र नाही; या फर्म्यावर चालणार नाही. मालक येत्या बाजारच्या दिवशी माप द्यायला येतील, तोवर सुताराकडे सागाचा तुकडा वाळत ठेवायला सांगितला आहे.