कार्बोरेटर सर्वांत शेवटी

सांगली,
रविवार

चि. सोनू,


तुझं पत्र मिळालं. बाबांची स्प्लेंडर विकायची नाही असं तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. सकाळी चोक दिला की गाडी लगेच सुरू होते, तापली की सिग्नलला बंद पडते, मग किका मारून पाय दुखतात, आणि गॅरेजवाला नवा कार्बोरेटर टाकायला सांगतो, असं तू लिहिलंस. एवढ्यात तो घेऊ नकोस. ही लक्षणं वाचून माझा पहिला संशय टॅपेटवर जातो, तोही एक्झॉस्टच्या.

हे ९७.२ सीसीचं इंजिन १९८५ मध्ये सीडी हंड्रेडबरोबर आपल्याकडे आलं आणि १९९४ मध्ये स्प्लेंडरमध्ये बसलं. सिलिंडर जवळजवळ आडवा ठेवायची रीत तर होंडाच्या १९५८ च्या सुपर कबपासूनची. साधं इंजिन आहे, घरी उघडता येतं. फक्त त्याची मापं जपावी लागतात.

टॅपेटची फट म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात ठेवलेलं बारीकसं अंतर. वर्षानुवर्षं आपटून व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये थोडा थोडा खोल बसत जातो आणि ही फट कमी होते. इंजिन गार असताना काही कळत नाही. तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलीसुरली फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. रेसमध्ये वायूला निसटायला वेळच नसतो, म्हणून गाडी पळते. आयडलिंगला मात्र कॉम्प्रेशन निसटतं आणि ती बंद पडते. तुझी गाडी नेमकी अशीच वागते आहे.

आवाज येतो म्हणून टॅपेट आवळून घेणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं. हलका टकटक करणारा टॅपेट इंजिन मारत नाही. गप्प झालेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर कड करपते, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

काम गार इंजिनावरच कर, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर. प्लग काढ, हेडवरची टॅपेटची दोन्ही झाकणं काढ. डाव्या बाजूच्या कव्हरवर एक मोठं आणि एक छोटं झाकण आहे, तीही उघड. मोठ्यातून पाना घालून मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरव. छोट्यातून ‘टी’ची खूण समोर येईल. तेव्हा दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा दे. तरीही एखादा हलला नाही, तर त्याची फट संपली आहे असं समज. माप तुझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घे, कुणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नकोस. हा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा हिशेब आहे. फिलर गेजची पाती हलका अडसर देत सरकावी. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोज.

प्लग हातात आहेच तर त्याचा रंग बघ. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेव. कॅप मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नकोस, सीडीआय खराब होऊ शकतो.

एवढं करून दोष राहिला, तरच कार्बोरेटर. त्यातही आधी फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घे. पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं, आपल्या कारखान्यांतलं, त्याचं मला कौतुकच आहे. पण इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. बाटलीत थर दिसला तर टाकीही रिकामी करावी लागेल. शिवाय एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जुन्या जेटवर ही गाडी आता थोड्या पातळ मिश्रणावर चालणार. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हे स्वतः जुळवून घेतात. इथे ते मिश्रणाच्या स्क्रूने तुला करायचं आहे.

स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की मिश्रण दाट होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलट. फिरवण्याआधी सध्या किती फेरे उघडा आहे ते लिहून ठेव. इंजिन तापवून पाव-पाव फेरा फिरव आणि आयडलिंग जिथे सर्वांत चढं व स्थिर लागेल तिथे थांब. मग आयडलिंगच्या स्क्रूने रेस खाली आण. एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास आणि गाडी सुधारली, तर कशामुळे ते तुला कधीच कळणार नाही.

टॅपेटची फट किती निघाली ते आणि प्लगचा फोटो मला पाठव. ते पाहिल्याशिवाय कार्बोरेटरवर एक रुपयाही घालू नकोस.

तुझा,
मामा