चिरंजीवांचे कंटेनर

मुलगा काय करतो, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी एका शब्दात देता येत असे. मास्तर आहे. तलाठी आहे. एसटीत आहे. काहीच करत नसला तर ‘परीक्षांची तयारी करतो’ असे तीन शब्द लागत, एवढेच. ऐकणाराही समाधानाने मान हलवून चहाकडे वळे. आमच्या चिरंजीवांनी मात्र असा व्यवसाय निवडला आहे की, त्याचे उत्तर देता देता चहा गार होतो आणि पाहुणे गरम होतात.

पांझरा नदी ओलांडली की धुळ्याचे देवपूर होते. आम्ही देवपुरात राहतो. इथे कोणाच्या घरी काय शिजले हे शिजण्यापूर्वी शेजारी कळते, मग मुलगा काय करतो हे न कळून कसे चालेल? एका सकाळी शेजारच्या आबांनी फाटकाशीच गाठले.

“नाना, तुमना पोऱ्या काय करस हो?”

आदल्याच दिवशी मी चिरंजीवांना हेच विचारले होते. मान वर न करता त्यांनी सांगितले होते, “कंटेनर मॅनेज करतो.” तेच मी आबांना ऐकवले.

आबांच्या भुवया वर गेल्या. धुळ्याच्या माणसाला कंटेनर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता आमच्याच गावाशी एकमेकांना छेद देतात. न्हावाशेवाहून निघालेले ते लोखंडी डबे रात्रंदिवस आमच्या उशाशी धडधडत जातात.

“कितला शेतस?” आबांनी विचारले.

मी आत जाऊन विचारून आलो. “रात्री चारशे होते. आता दीडशे आहेत.”

आबा हादरले. “आरे बापरे! अडीचशे गाड्या कथा गयात?”

मी पुन्हा आत गेलो. चिरंजीव म्हणाले, “गरज नव्हती म्हणून मारून टाकले.”

हे उत्तर मी आबांना सांगितले नाही. पण दीडशे कंटेनरची बातमी संध्याकाळपर्यंत दत्तमंदिर चौकात पोहोचली आणि त्या वर्षी गणेश मंडळाच्या पोरांनी माझ्या वर्गणीच्या पावतीवर परस्पर एक शून्य वाढवले. शिरपूरकडून एक स्थळ सांगून आले होते. मुलीच्या वडिलांनी फार अदबीने एवढेच विचारले, “मुलगा मालक आहे की चालवतो?” मी खरे ते सांगितले, “मालक दुसरेच आहेत, हा घरी बसून चालवतो.” ते स्थळ पुन्हा आले नाही.

तेव्हा सौ. म्हणाल्या, “अहो, एकदा नीट समजून तरी घ्या. नुसतं अक्कलपाड्याच्या धरणावर जाऊन आल्यानं अक्कल येत नाही.”

चिरंजीव २०२० साली टाळेबंदीत पुण्याहून दोन बॅगा घेऊन पंधरा दिवसांसाठी आले, ते अजून आहेत. कंपनी पुण्यात, कंपनीची यंत्रे कुठल्या देशात कोण जाणे, आणि हे आमच्या मागच्या खोलीत, दिवाणावर मांडी घालून. एका रात्री भरीत-भाकरीच्या जेवणानंतर मी त्यांना धरलेच.

“नाना, आईचा डबा आठवा,” चिरंजीव म्हणाले. “भाकरी, भरीत, ठेचा, कांदा, मीठसुद्धा पुडीत. तुम्ही डबा कचेरीत उघडा नाहीतर एसटी स्टँडवर, जेवण तेच. आमचा प्रोग्राम पूर्वी एका यंत्रावर चालायचा, दुसऱ्यावर रुसायचा. कारण त्याला लागणारं मीठमिरची तिथं वेगळं असायचं. आता सगळं एका डब्यात भरून पाठवतो. तो डबा म्हणजे कंटेनर.”

“आणि चूल?”

“चूल एकच. एका यंत्रावर शंभर डबे, प्रत्येकाला वाटतं मी एकटाच. पण खालची चूल सामाईक. जो आपल्या वाट्यापेक्षा जास्त मेमरी खातो त्याला मारून टाकतात, मग पुन्हा उठवतात. पुन्हा पडला तर दहा सेकंद थांबून, मग वीस, मग चाळीस, असं वाढवत पाच मिनिटांपर्यंत.”

सौ. चिरंजीवांना सकाळी याच पद्धतीने उठवतात, फक्त उलट्या क्रमाने. पाच मिनिटांनी सुरुवात होते आणि शेवटी दर दहा सेकंदांना हाक येते.

नाव मात्र खरोखरच गाड्यांवरून पडले आहे. माल्कम मॅकलिन नावाचा एक अमेरिकन ट्रकवाला होता. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून त्याने न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. पेटीत सुती कापड आहे की काचेची भांडी, हे उचलणाऱ्या यारीने विचारायचेच नाही. पेटीचे माप ठरलेले, उचलायची पद्धत ठरलेली, बस्स. ही अक्कल न्हावाशेवाला १९८९ साली बंदर सुरू झाल्यावर आपल्या महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आली, आणि २०१३ साली ‘डॉकर’ या नावाने संगणकवाल्यांच्या घरोघरी गेली. पुढच्याच वर्षी गूगलने असे हजारो डबे एकदम सांभाळणारी व्यवस्था जगापुढे ठेवली. तिचे नाव ‘कुबरनेटीस’. हा ग्रीक शब्द आहे. अर्थ : सुकाणू धरणारा. देवपुरापासून समुद्र चांगला दूर आहे, पण सुकाणू आमच्या मागच्या खोलीत आहे, हे ऐकून मला बरे वाटले.

“मग तू नेमका काय करतोस? सुकाणू तर तो धरतो.”

“मी वेबसाइट केली आहे. प्रोग्रामिंग शिकणारी मुलं तिथं ‘सुरू करा’ असं बटण दाबतात. दाबलं की प्रत्येकाला सरावासाठी एक कंटेनर मिळतो. रात्री मुलं सराव करतात म्हणून चारशे, सकाळी झोपतात म्हणून दीडशे. पण साइट स्वतः कंटेनर करत नाही. ती लायब्ररीमार्फत एपीआयला सांगते.”

लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रावर डुलक्या घेणारे पेन्शनर आले. पण ही लायब्ररी वेगळी. जसजसे चिरंजीव सांगत गेले तसतसा मी दिवाणावर ताठ बसत गेलो. कारण हे सगळे मला माहीत होते! मी स्वतः बत्तीस वर्षे एका सरकारी कचेरीत शेतकऱ्यांचे पाण्याचे अर्ज घेण्याच्या टेबलावर काढली आहेत.

एपीआय म्हणजे सुकाणूवाल्याच्या कचेरीची अर्ज घेण्याची खिडकी. आत जायला मनाई, जे सांगायचे ते खिडकीतूनच आणि ठरलेल्या नमुन्यात. तो नमुना भरायला किचकट. म्हणून कचेरीबाहेर झाडाखाली जसा अर्जनवीस बसतो, तशी ही लायब्ररी बसलेली असते. तुम्ही तिला तोंडी सांगायचे, ती योग्य रकान्यात योग्य शब्द भरून खिडकीत सरकवते आणि आतून आलेले उत्तर तुम्हाला वाचून दाखवते. अर्जनवीस दक्षिणा घेतो, ही फुकट मिळते, एवढाच फरक.

खिडकीत अर्ज गेला की पहिला प्रश्न : तू कोण? दुसरा : तुला हे मागायचा अधिकार आहे काय? तिसरा : अर्ज नमुन्याप्रमाणे आहे काय? तिन्ही जमले की रजिस्टरात नोंद. मग दुसरा कारकून नोंद पाहून ठरवतो, कोणत्या यंत्रावर जागा आहे. आणि त्या यंत्रावरचा शिपाई प्रत्यक्ष डबा उघडतो. शिवाय आत काही मंडळी दिवसभर एकच काम करतात. रजिस्टरात किती हवेत म्हणून लिहिले आहे आणि प्रत्यक्षात किती आहेत, हे ताडून पाहायचे. एक मेला की दुसरा उभा करायचा. आमच्याकडे रजिस्टर आणि चारीतले पाणी यांचा मेळ फक्त मार्चअखेर बसत असे, तोही रजिस्टरच्या बाजूने.

इथवर सारे गमतीचे होते. पण आठच दिवसांनी मी चिरंजीवांना जेवणाच्या ताटावरून उठताना पाहिले. पुढ्यात शेवभाजी होती. खानदेशी पोरगा शेवभाजीवरून उठतो, म्हणजे नोकरीवर बेतले आहे, हे बापाला कळते.

मुले बटण दाबत, साइट लगेच सांगे ‘तुमचा कंटेनर तयार आहे’, आणि मुले जाऊन पाहत तो दार बंद. पुन्हा दाबत. तिसऱ्यांदा दाबत. मग एकेकाच्या नावावर तीन-तीन कंटेनर, आणि भाड्याचे बिल कंपनीच्या नावावर. वरच्या साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती.

“पण आतून ‘तयार आहे’ असं उत्तर येतं का?” मी विचारले.

“येतं ना. नोंद झाली असं येतं.”

“नोंद झाली असं, की काम झालं असं?”

चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले. आणि मला एक म्हातारा आठवला.

नोकरीच्या उमेदीतली गोष्ट. रब्बीचे दिवस, नदीकाठच्या गावचा एक शेतकरी हरभऱ्याला पाणी मागायला सात नंबरचा नमुना घेऊन आला. मी आवक शिक्का मारला, क्रमांक घातला आणि घाईत म्हणालो, “झालं तुमचं काम.” म्हातारा खूश होऊन गेला. त्याने सऱ्या नीट केल्या, बांध घातले आणि वाट पाहत बसला. त्याचा अर्ज माझ्या टेबलावरून पुढच्या टेबलावर गेला नव्हता. मीच तो एका जाड फायलीखाली ठेवला होता. म्हातारा परत आला तेव्हा पाण्याची पाळी संपली होती आणि ऐन फुलोऱ्यातला हरभरा गेला होता. तो रागावला असता तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, “तुम्हीच सांगं व्हतं ना साहेब, काम व्हई गयं म्हनीसन?”

त्यानंतर सेवानिवृत्त होईपर्यंत मी कोणालाही ‘झालं’ म्हणालो नाही. ‘अर्ज मिळाला’ म्हणे. लोक मला तुसडा समजत.

ही हकिगत मी घरात कधी सांगितली नव्हती. सौ. भाकरी थापता थापता थांबल्या. चिरंजीव बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “नाना, मी आवक क्रमांकालाच पाणी समजलो.”

ती रात्र आम्ही दोघांनी मागच्या खोलीत काढली. म्हणजे त्यांनी काम केले, मी चहा केला आणि मधूनमधून कचेरीचे नियम सांगितले. पहिला, साइटने बटण दाबताच ‘अर्ज मिळाला, थांबा’ एवढेच म्हणायचे, आणि कंटेनर स्वतः ‘आता गिऱ्हाईक पाठवा’ अशी तयारीची खूण देईपर्यंत खिडकीकडे लक्ष ठेवायचे. दुसरा, अर्जाला विद्यार्थ्याच्या क्रमांकावरूनच नाव द्यायचे. म्हणजे त्याने दहादा दाबले तरी खिडकीवरचा कारकून ‘या नावाचा आधीच आहे’ म्हणून परत पाठवील. तिसऱ्याला मात्र मीच हादरलो. साइटला त्यांनी मुख्य साहेबांचाच शिक्का देऊन ठेवला होता. त्या शिक्क्याने ती कोणाचेही काहीही पुसू शकली असती. “अरे, शिपायाच्या हाती खजिन्याची किल्ली देतात का?” तिला एका कपाटापुरता, मांडणे, पाहणे आणि काढणे एवढ्यापुरताच अधिकार द्यायला लावला.

पहाटे चिरंजीवांनी बटण दाबले. ‘अर्ज मिळाला, थांबा.’ आम्ही दोघे पडद्याकडे पाहत राहिलो. नऊ-दहा सेकंद गेले असतील, पण मला ती हरभऱ्याची अख्खी पाळी वाटली. मग हिरवी अक्षरे आली : ‘तयार आहे.’ चिरंजीवांनी आत जाऊन पाहिले. दार उघडे होते.

शुक्रवार निभावला. नंतर एकदा मी विचारले, “माझ्याशिवाय तुला हे सुचलं नसतं का रे?” ते म्हणाले, “पुस्तकात होतं नाना, मीच वाचलं नव्हतं.” मुलगा खरे बोलतो, हे पाहून आनंद झाला. थोडे खोटे बोलला असता तरी चालले असते.

आबांना हे सगळे सांगायला मला आता शब्द सापडला होता. आबा मूळचे पांझरेकाठचे. त्या काठाला जुन्या बंधाऱ्यांची फड पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली. फडातल्या कोणी स्वतः उठून पाणी तोडायचे नाही. ज्याला त्याला पाळीप्रमाणे पाणी पोचवायला गावाने नेमलेला पाटकरी असे, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या.

“आबा, आमचा मुलगा पाटकऱ्याच्या खिडकीवर आहे. लोक मागतात, तो त्यांचं मागणं नीट लिहून पाटकऱ्याकडे पोचवतो आणि पाणी शेतात पडेपर्यंत ‘झालं’ म्हणत नाही.”

आबांनी डोळे मिटून विचार केला. चेहरा उजळला.

“समजनं! मंग आसं सांगाना आधी. पाटकरीना कारकून शे.” मग माझ्या जवळ सरकून हळूच म्हणाले, “पन नाना, सरकारी शे का?”

तो अर्ज मी अजून आवकातच ठेवला आहे.