नालासोपाऱ्यात श्रावणात मोहरी?

सापडली! नालासोपारा पश्चिमेला, सोपारा गावातल्या बुरुड राजाच्या कोटाकडे जाताना, रस्त्याच्या कडेला, गुडघ्याच्या थोडी वर, शेंड्याला पिवळीधमक फुलं. चार पाकळ्या, फुलांखाली उभ्या बारीक शेंगा. पाहणारा कुणीही म्हणेल, अरे, ही तर मोहरी!

पण श्रावणात मोहरी? मोहरी रब्बीची. थंडी पडल्यावर फुलणार. आणि इथे तर डबक्यात बेडूक ओरडतायत, चपला चिखलात रुततायत आणि हे झाड खुशाल फुललंय. कोटातला स्तूप बघायला निघालो होतो, तो राहिला बाजूला. मी तिथेच उकिडवा बसलो. येणारे-जाणारे विचारत होते, काही हरवलंय का?

हरवलं नव्हतं, गवसलं होतं! शेजारी टाकळा माजलेला. त्याचंही फूल पिवळं, पण पाकळ्या पाच. तो बाद. मग या झाडाचं पान धरलं आणि बोटं चिकटली. खोड चिकट, पान चिकट, शेंगसुद्धा चिकट! भिंग लावलं तर अंगभर बारीक लव आणि लवेच्या टोकाटोकाला डिंकाचे थेंब. त्यात दोन-चार चिलटं कायमची अडकलेली. बोटं नाकाशी नेली, तर असा उग्र दर्प की डोळे मिटले. मोहरीच्या शेतात असला वास कुठे येतो?

आता बारकाईने बघायलाच हवं होतं. मोहरीचं पान एकसंध, कडेला खाचा असलेलं. इथे एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका. खालच्या पानांना जास्त, शेंड्याकडे कमी. मोहरीच्या चार पाकळ्या समोरासमोर, अधिकच्या चिन्हासारख्या. इथे चारही पाकळ्या एका बाजूला सरकलेल्या, जणू फोटोसाठी दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या चार बहिणी. मोहरीत पुंकेसर मोजून सहा, चार उंच आणि दोन बुटके. इथे मोजायला लागलो आणि सहाच्या पुढे जातच राहिलो!

शेवटचा पुरावा शेंगेने दिला. मोहरीची पिकलेली शेंग उघडली की मधोमध कागदासारखा पातळ पडदा राहतो. इथे वाळलेली शेंग टोकाकडून उकलली, दोन झडपा अलग झाल्या, कडेची बारीक चौकट उरली आणि तिला लागलेले काळपट-तपकिरी दाणे दिसले. पडदा नाहीच. ठरलं! ही पिवळी तिळवण. शास्त्रीय नाव क्लिओम विस्कोसा, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलेलं. इंग्रजीत मात्र हिला रानमोहरीच म्हणतात, आणि ते अगदीच उगाच नाही.

कारण खरी गंमत पुढे आहे. तिळवणीचं कुळ वेगळं असलं, तरी मोहरीच्या कुळाला सर्वांत जवळचं कुळ तेच. जुन्या ग्रंथांत तिळवणीला वाघाटीच्या कुळात बसवलं होतं. तीच वाघाटी, जिची भाजी आषाढीचा उपास सोडताना द्वादशीला करतात. आता तिळवणीचं कुळ स्वतंत्र मानतात. पण मोहरी, मुळा, वाघाटी, तिळवण, शेवगा आणि पपई ही सगळी मंडळी वनस्पतिशास्त्राच्या एकाच गणात येतात! मुळ्याचा झणका, मोहरीची नाकात जाणारी झोंब, पपईच्या बिया चावल्यावरचा तिखटपणा, या सगळ्यांमागे एकाच जातीची गंधकयुक्त रसायनं. पान चुरगळलं किंवा दाणा चावला की ती मोकळी होतात. एवढी वर्षं ही भावंडं माझ्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेली होती आणि त्यांचं नातं मला कळलं ते रस्त्याकडेच्या तणामुळे!

शेंगा घेऊन घरी आलो. आमच्या मजल्यावरच्या गढवाली काकूंनी दाणे बघितले आणि ओरडल्याच, "अरे, ये तो जखिया है!" लगेच गावाहून आलेली पुडी घेऊन आल्या. भिंगाखाली दोन्हीकडचे दाणे शेजारी ठेवले: तेच गोल वळलेले, तेच खरखरीत, अंगावर त्याच बारीक रेघा. उत्तराखंडात याची फोडणी देतात, बटाट्यात हमखास. काकूंनी त्यांच्या पुडीतला जखिया तापलेल्या तेलात टाकला, तो तडतडला, आणि त्या बटाट्यातला प्रत्येक दाणा दाताखाली कुरकुरला. नालासोपाऱ्यात ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ते पहाडात मसाल्याच्या डब्यात जपून ठेवतात!

पुस्तकं चाळली तर आणखी एक धक्का. डच अधिकारी व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेला बारा खंडांचा 'होर्तुस मलबारिकुस' १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यात ही तिळवण 'आरियवेला' या मलबारी नावाने हजर आहे. त्या ग्रंथाला मदत करणाऱ्यांत कोचीनचे तीन कोंकणी वैद्य होते: रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट. १६७५ साली त्यांनी दिलेलं कोंकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेलं आहे. लिनियसच्या कितीतरी आधी आपल्याच किनाऱ्यावरच्या लोकांना ही वनस्पती नावानिशी माहीत होती.

आणि तिच्या शेजारी कोण, तर सोपाऱ्याचा स्तूप! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा करंडकांसोबत सोन्याची फुलंही निघाली. ती आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. बाहेरची ही पिवळी फुलं मात्र दर पावसाळ्यात फुकट बघायला मिळतात.

तेव्हा वसई-विरारकरांनो, येत्या पावसाळ्यात स्टेशनच्या वाटेवर, रिकाम्या प्लॉटवर, सोसायटीच्या भिंतीच्या कडेला नजर टाका. चार पिवळ्या पाकळ्या दिसल्या की थांबा. नुसता मोबाइलवर फोटो काढून नाव शोधू नका. पानाला हात लावा, बोटं हुंगा, पुंकेसर मोजा, शेंग उकला. मात्र रस्त्याकडेचं काही तोंडात घालू नका, आणि कानदुखीवर हिच्या पानांचा रस घालायचा जुना उपाय तर मुळीच करू नका. रानरोपं कापणारे येण्याआधी जा. बिया एकदा पडल्या की झाड वाळतं आणि पुढच्या भेटीसाठी पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते.