पायाखालची पोथी

दिवाळीची आवराआवर म्हणजे आमच्या घरी दरवर्षी होणारे एक उत्खननच! फरक इतकाच, की खऱ्या उत्खननात सापडलेली वस्तू जपून ठेवतात आणि आमच्याकडे ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. यंदा माझ्या मेजाचा खण उपसताना सौभाग्यवतींच्या हाती एक तांबडे खापर लागले. "हे टाकून देऊ ना?" त्यांनी विचारले. मी इतक्या घाईने "नको, नको" म्हणालो, की त्या चमकून माझ्याकडे पाहतच राहिल्या.

त्या खापराची हकीकत मी त्यांनाही कधी सांगितली नव्हती.

आमचे जुने घर कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या अंगाला. पंचगंगेच्या काठचे हे टेकाड विद्वानांच्या जगात मोठे नावाजलेले. १९४५-४६ साली डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी येथे उत्खनन केले आणि सातवाहनांच्या काळातल्या वस्तीचा माग काढला. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची चिमुकली मूर्तीही याच ब्रह्मपुरीची. कुठे तो भूमध्य समुद्र आणि कुठे आमची पंचगंगा! आज ती मूर्ती टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही घर पाडून नवे बांधायला काढले. तोवर भाड्याच्या दोन खोल्या, बँकेचे हप्ते आणि "माझ्या डोळ्यांदेखत घर होऊ दे रे," हे आईचे पालुपद. पायाचा खड्डा खणताना एके सकाळी जेसीबीच्या दातांतून एक वीट निसटली. आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची! मागोमाग खापरे आली, काळी राख आली. मुकादम जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, ह्याचा बोभाटा करू नका. काम अडकलं म्हणजे वरीसभर अडकंल."

मी मान डोलावली. एक खापर रुमालात गुंडाळले. बाकीचा ढिगारा डंपरमधून गेला. कुठे गेला, ते मी विचारले नाही.

मन मोठे कसबी वकील असते. १८७८ चा एक कायदा सांगतो, की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरांना लेखी कळवावे. मी मनाशी म्हटले, फुटक्या खापराला दहा रुपये तरी कोण देणार? १९५८ चा कायदा आणि त्याची २०१० सालची दुरुस्ती राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करू देत नाही. पण माझ्या परसाला स्मारक कोण म्हणतो? खटला मी जिंकला. झोप मात्र हरलो.

पुढे एकदा विद्यार्थ्यांना घेऊन त्या संग्रहालयात गेलो होतो. एका मुलीने सहज विचारले, "सर, अशा वस्तूचं वय कसं कळतं हो?" मी उत्साहाने सांगू लागलो, की माती थरावर थर अशी साचते, सर्वांत जुना थर तळाशी. कोणत्या थरात, कशाशेजारी वस्तू सापडली यावर तिचा काळ ठरतो. पोथीचे एखादे सुटे पान हाती आले तर अक्षरे वाचता येतात, पण मागचे-पुढचे पान नसेल तर अर्थ लागत नाही, तसेच हे. बोलता बोलता माझी जीभ अडखळली. जुन्या पोथ्यांतला एक काना इकडचा तिकडे झाला तर वर्गात तासभर वाद घालणारा मी. आणि माझ्याच पायाखालची पोथी मी डंपरमध्ये भरून दिली होती!

घरे बांधू नयेत असे कोण म्हणेल? माणसांना राहायला हवेच. अथेन्स शहरात भुयारी रेल्वेसाठी केवढे खणावे लागले. तरी आधी पुराणवस्तूंचे जाणकार उतरले, मग रेल्वे झाली. सिंटाग्मा स्थानकात तर जमिनीचे थर काचेआड जपून ठेवले आहेत. आपल्याला एवढे नको. खणताना जाणत्या माणसाने शेजारी उभे राहावे, खोली मोजावी, छायाचित्र घ्यावे, चार ओळी टिपाव्यात. मग खुशाल पाया भरावा.

परवा हेच सांगायला शेजारच्या अण्णांकडे गेलो. त्यांचेही घर आता पाडायचे आहे. अण्णा हसले. "सर, तुमचं घर उभं राहिलं. आता आम्हांला शहाणपण?"

यावर मी काय बोलणार? खिशातले खापर काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"तुमच्याच पायातलं?"

"हो."

"किती खोल होतं?"

ते मला सांगता येईना.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग खापर परत देत म्हणाले, "पाडव्यानंतर खणायला घेतोय. या दोन दिवस सकाळचं."

संग्रहालयात जाऊन मी कुणाला बोलावावे याची विचारपूस करून आलो आहे. मोजायची टेपही आणून ठेवली आहे. खापर आता खणात नाही, मेजावर आहे. सौभाग्यवतींनी ते पुसून ठेवले आहे.