बिघडलं? मग उघडा की!

आपल्या जनरेशनचा एक सिंपल फंडा आहे. बिघडलं की बदला! फोन हँग व्हायला लागला? बदला. इअरफोनचा एक कान गेला? बदला. मिक्सरचं भांडं गळतंय? अहो, भांडं कशाला, अख्खा मिक्सरच बदला, सेल लागलाय ना! एक्स्चेंज ऑफर आहे, नो कॉस्ट ईएमआय आहे आणि दहा मिनिटांत दारात सामान आणून द्यायला कोणीतरी बाइकवर तयारच आहे. दुरुस्ती? ती आजोबा करायचे. रेडिओची.

नवीन वस्तू घ्यायला माझीही ना नाही. नव्या फोनच्या बॉक्सवरचं प्लास्टिक सोलण्यात जे सुख आहे ते आहेच. पण ‘बदला’ हा हल्ली नुसता सल्ला राहिलेला नाही, तो नाइलाज होत चाललाय. आणि त्यातून सुटायची वाट मला मुंबईतल्या कुठल्या मॉलमध्ये नाही, डहाणूच्या एका सहा बाय आठच्या दुकानात दिसली.

मी डहाणूची. नोकरी अंधेरीत, आठवडाभर पीजी आणि शुक्रवारी रात्रीची डहाणू लोकल. ही लोकल एप्रिल २०१३ मध्ये आमच्यापर्यंत आली. चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तुम्ही मंडळी आम्हाला ओळखता ती वीकेंडमुळे. बोर्डीचा किनारा, जीआय मिळालेला घोलवडचा चिकू, वारली चित्रांच्या पिशव्या. बेस्ट! पण पुढच्या वेळी चिकूची पेटी गाडीत टाकलीत की स्टेशनच्या बाजूच्या बाजारात एक चक्कर मारा. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, रिचार्ज आणि ‘मोबाइल रिपेअरिंग’ असं सगळं एकाच बोर्डावर लिहिलेली दुकानं दिसतील. आपला हीरो तिथे बसतो.

चाळीस मिनिटांचं ऑपरेशन

माझ्या फोनची बॅटरी फुगली होती. लिथियम बॅटरी म्हातारी झाली की आत गॅस धरते आणि फोनची पाठ वर उचलली जाते. मुंबईतल्या कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्ये टोकन घेतलं, एसीत पाऊण तास बसले. मग गोड आवाजात सांगण्यात आलं, ‘मॅडम, नुसती बॅटरी नाही होणार. डिस्प्ले पण बदलावा लागेल. नऊ हजार. त्यात थोडे टाकले तर नवाच येईल.’ म्हणजे डॉक्टरकडे दाढदुखी घेऊन जावं आणि त्यांनी नवीन डोकं सुचवावं!

शनिवारी तोच फोन डहाणूच्या दुकानात नेला. दुकानदार माझ्याच वयाचा. माझ्याशी मराठीत, शेजारच्या शेठशी गुजरातीत आणि पार्ट्सवाल्याशी हिंदीत एकाच वेळी बोलतो. फोन हातात घेऊन त्याने अंगठ्याने पाठ दाबून पाहिली आणि म्हणाला, ‘थई जशे, ताई. बाराशे. बसा.’

मी बसले आणि बघत राहिले. हीटिंग प्लेटवर फोन ठेवून गोंद मऊ केला. गिटार वाजवायच्या पिकसारख्या प्लास्टिकच्या पत्तीने कडा सोडवल्या. स्क्रू काढले ते एका चुंबकाच्या पाटीवर, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. मग हळूहळू जुनी बॅटरी सोडवली. ‘हिला टोचायचं नाय,’ तो म्हणाला, ‘टोचली की पेटते.’ समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने चार्जिंग जॅकच्या पिनांवर हिरवा थर चढला होता. तो न विचारता ब्रशने साफ केला, वेगळे पैसे न लावता. चाळीस मिनिटांत फोन सुरू!

आणि सुरू झाल्याझाल्या स्क्रीनवर मेसेज आला की ही बॅटरी ओरिजिनल आहे याची खात्री करता येत नाही.

तो हसला. ‘हा मेसेज येणारच. बॅटरीला नंबर असतो, फोनला नंबर असतो. दोघांची जोडी कंपनीच लावते. आपण सेम बॅटरी टाकली तरी फोन ओळख देत नाय.’

या प्रकाराला ‘पार्ट्स पेअरिंग’ म्हणतात. कुलूप गोंदाचं असतं तोवर हीटिंग प्लेट पुरते. कुलूप सॉफ्टवेअरचं झालं की डहाणूच्या पोराचं कसब बाहेरच राहतं. पैसे मी मोजले, बिल माझ्या नावाचं, पण आत कोणी हात घालायचा हे ठरवणारा तिसराच. मग फोन माझा, म्हणजे नेमका किती माझा?

मावशींचा ओटीपी

आता तुम्ही म्हणाल, बाई, एका मेसेजचं काय एवढं टेन्शन! ओके. मग दुसरी गोष्ट ऐका.

२०२५ च्या दिवाळीच्या आसपास त्याच दुकानात बसले होते. त्या दिवसांत लाडक्या बहिणींची ई-केवायसी चालू होती आणि आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी आल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आतल्या एका पाड्यावरून एक मावशी टमटम बदलत आल्या होत्या. फोन रुमालात गुंडाळलेला. तीन दिवस चार्जच होत नव्हता.

दुकानदाराने पहिलं काय केलं? त्यांचं सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये टाकलं. ‘मावशी, आधी तुमचं काम करून घेऊ, फोन नंतर बघू.’ बाजूच्या कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला, ओटीपी आला, काम झालं. मग टॉर्च लावून त्याने चार्जिंगच्या भोकात पाहिलं आणि सुईने कापसाचा आणि मातीचा एक घट्ट गोळा बाहेर काढला. फोन चार्ज व्हायला लागला. पन्नास रुपये.

मावशींनी पैशाच्या आधी एकच विचारलं, ‘दादा, फोटू गेले नाय ना?’ त्यांचा मुलगा वापीला कंपनीत आहे. नातवाचे सगळे फोटो त्यातच.

आपल्यासाठी फोन म्हणजे लाइफस्टाइल. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅक पॅनल कुठल्या रंगाचं. मावशींसाठी तोच फोन म्हणजे महिन्याचे दीड हजार रुपये, रेशन, बँक आणि नातू. तो बंद पडला तर ‘अपग्रेड करा’ हे उत्तर होऊ शकत नाही. जवळचं अधिकृत सेंटर किती दूर, तिथपर्यंतचं भाडं किती, बुडालेली मजुरी किती, हे गणित अंधेरीत बसून कोणी करत नाही. पन्नास रुपयांत गोळा काढणारा माणूस टमटमच्या टप्प्यात असणं, ही त्यांच्यासाठी खरी टेक्नॉलॉजी.

तलासरीचा हिशेब

थांबा, म्हणजे छोटा दुकानदार तेवढा देवमाणूस आणि मोठी कंपनी तेवढी राक्षस, असं नाहीये. निदान आमच्या भागात तरी हे कोणी ऐकून घेणार नाही.

डहाणूहून तलासरीला जा. मुंबई-अहमदाबाद हायवेवरचं, गुजरातच्या तोंडावरचं गाव. आजच्या या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात मे १९४५ मध्ये आदिवासींची मोठी सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा वारली लढा पेटला. कॉम्रेड गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत उभे होते. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलंय. पावसाळ्यात पोटासाठी खावटी घ्यायची आणि पीक आलं की फुगवलेल्या हिशेबाने फेडत राहायची. लग्नासाठी कर्ज काढलं तर ‘लग्नगडी’ म्हणून नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचं. सावकार लांबचा नव्हता. ओळखीचा, जवळचा, कधी कधी दुकानदारच. पण वही त्याच्याकडे असायची आणि ती वाचता कोणालाच येत नव्हती.

त्या वेठीची तुलना आपल्या ईएमआयशी करणं हा चावटपणा होईल. ती मी करत नाहीये. पण न दिसणाऱ्या वहीची सवय मात्र परत येतेय. हप्ता थकला की फोनच लॉक करून टाकणारी ॲप्स आपल्या देशात वापरली गेली आहेत. हप्त्यावरचा फोन असा बंद पडला तर मावशींचा ओटीपीही बंद, रेशनही बंद. वही आता क्लाउडवर आहे, एवढंच.

म्हणून माझा मुद्दा ‘छोटं ते छान’ हा नाही. माझा मुद्दा उघडता येण्याचा आहे. हिशेब असो की फोन, तो तुमच्यासमोर उघडता आला पाहिजे. डहाणूच्या काउंटरवर माझा फोन माझ्या डोळ्यांदेखत उघडला. एसी सेंटरमध्ये तो काचेपलीकडे गेला आणि आकडा बाहेर आला.

स्क्रू कोणाच्या हातात?

गंमत म्हणजे हे भांडण फक्त मोबाइलचं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. म्हणजे आपला गल्लीतला मेकॅनिक ‘पार्ट मिळत नाय’ म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी तो टाळत नसतो!

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. सुरुवात चांगली आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्सने २०२१ मध्ये फोन आणि लॅपटॉपवर ‘हे दुरुस्त करणं किती सोपं’ याचे दहापैकी मार्क छापणं सक्तीचं केलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये पार्ट्स पेअरिंगवरच बंदी घालणारा कायदा केला. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी असावी, असा नियम ठरलाय. म्हणजे जमतं, बॉस! ‘टेक्निकली पॉसिबल नाही’ ही थाप आहे.

डहाणूला ‘जरा थांबा’ म्हणायची सवय जुनी आहे. जून १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. मोठ्या उद्योगांना इथे मोकळं रान मिळालं नाही. आता वारं फिरलंय. जून २०२४ मध्ये केंद्राने वाढवण बंदराला मंजुरी दिली, ७६ हजार कोटींहून जास्त खर्चाचं. मच्छीमारांचा विरोध असतानाच ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. बंदराबरोबर रस्ते येतील, रस्त्यांबरोबर मॉल येतील, मॉलमध्ये चकाचक काउंटर येतील. तेव्हा माझ्या दुकानदाराचं काय होईल?

मी त्याला विचारलं. तो हॉट एअर मशीन बाजूला ठेवून म्हणाला, ‘मॉलची भीती नाय, ताई. मॉलचे फोन पण पडतात. पार्ट मिळाला पायजे बस.’

वीकेंडचा होमवर्क

मोर्चा काढा असं नाही म्हणत मी. एवढंच करा. पुढची वस्तू घेताना किंमत आणि रंगाबरोबर एक प्रश्न जास्त विचारा, ‘हिची बॅटरी बदलून मिळते का, आणि केवढ्याला?’ सेल्समन गडबडला तर समजून जा.

लोकल दुकानात जाल तेव्हा डोळे झाकून जाऊ नका. आधी बॅकअप घ्या. काम शक्यतो समोर बसून करून घ्या. पार्ट ओरिजिनल की कॉपी, हे स्पष्ट विचारा. प्रामाणिक माणूस दोन्हींचे भाव वेगळे सांगतो. जुना पार्ट परत मागा आणि साध्या कागदावर का होईना, तारीख घालून बिल घ्या. फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. स्वस्तातली अनोळखी बॅटरी नकोच, तिथे दोनशे रुपये वाचवणं महागात पडतं.

आणि काम नीट झालं तर घासाघीस करू नका. कॉफीच्या एका मगाला आपण तीनशे देतोच की! त्याच पैशात एका माणसाचं कसब टिकतं आणि पाड्यावरच्या एखाद्या मावशींचा फोन चालू राहतो.

बघा, घरात एखादा ड्रॉवर असेलच, बंद फोन आणि अर्धमेल्या चार्जरचा. या शनिवारी त्यातला एक पीस उचला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात न्या. ‘थई जशे’ असं उत्तर आलं तर मला नक्की कळवा!